गाठोड्यातले दगड

ती कवळ्या बनवायची. घराच्या पुढच्या खोलीत, रस्त्याकडे उघडणाऱ्या खिडकीखाली एक लांब ओटा होता. त्यावर प्लास्टरची पांढरी धूळ कायम बसलेली असायची, कितीही पुसलं तरी. दातांचे डॉक्टर आपल्या पेशंटच्या हिरड्यांचे साचे डब्यात घालून तिच्याकडे पाठवत. ती साच्यात प्लास्टर ओतायची, वर मेण चढवायची, मेणात एकेक दात रोवायची. मग वरची आणि खालची बत्तीशी लोखंडी बिजागरीच्या जबड्यात बसवून उघडझाप करून बघायची. सगळं जुळलं की दाताला दात लागून एक बारीक, कोरडा आवाज यायचा. तो आला नाही तर सगळं मेण वितळवून ती पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची; आला की मेणाच्या जागी गुलाबी प्लास्टिक भरून, पॉलिश करून कवळी पक्की करायची. जिची त्यांना ओळखही नव्हती, तिच्या हातच्या दातांनी शहरातली कितीतरी माणसं हसत होती, भांडत होती, भाकरतुकडा चावत होती.

गल्लीत तिला कवळीताई म्हणत. तिचं लग्न झालं नाही की तिनं केलं नाही, यावर नातेवाइकांत दोन तट होते. दोन्ही तटांना तिनं कधी चहाला बोलावलं नव्हतं.

मागच्या खोलीत धाकटा भाऊ राहायचा. तो लिफ्ट दुरुस्त करणारा. इमारतीच्या पोटातल्या त्या अंधाऱ्या विहिरीत उतरून, दोरखंडाला कान लावून, कुठल्या मजल्यावर काय बिघडलंय ते सांगणारा. मग त्याच्या दोन्ही किडन्या गेल्या. एक दिवसाआड दवाखान्यात जायचं, मशीनला जोडून घ्यायचं, सगळं रक्त बाहेर काढून धुऊन परत आत घ्यायचं. डाव्या हातातली नस डॉक्टरांनी त्यासाठी मोठी करून ठेवली होती. तिच्यावर बोट ठेवलं की आत घुरघुरायचं. तो म्हणायचा, "मोटर चालू आहे. लोड नाही, पण चालू आहे."

आपली एक किडनी द्यायला ती तयार होती. तपासण्यांत तिलाच साखर निघाली आणि डॉक्टरांनी मान हलवली. तिसरं कुणी नव्हतं. आई-वडील केव्हाच गेले होते, आणि नातेवाईक त्यांच्या त्यांच्या तटांत होते.

पहिल्यांदा अंथरुणाला खिळला तेव्हा भावानं एक खेळ आणला. टीव्हीला जोडून खेळायचा. उद्ध्वस्त झालेलं एक राज्य, डोंगर, राक्षस, शाप, आणि शेवटच्या वेशीपर्यंत चालत निघालेला एक योद्धा. खेळणाऱ्यानं योद्धा व्हायचं. पण त्या खेळावर जीव जडतो तो योद्ध्यामुळे नाही, त्याच्याबरोबर चालणाऱ्या हमालामुळे. तो पहिल्या गावात भेटतो, योद्ध्याचं गाठोडं पाठीवर घेतो आणि चालता चालता बडबडत राहतो. राजांची टिंगल करतो, राक्षसांना नावं ठेवतो, आपल्या बायकोच्या हातच्या आमटीची आठवण काढून उसासे टाकतो. हळूहळू त्याची पावलं जड होतात. डोंगराच्या खिंडीत एका दगडावर तो बसतो आणि म्हणतो, "मला इथंच बसू दे."

खेळणाऱ्याला दोनच शब्द मिळतात. 'ऊठ' किंवा 'बरं'.

बरं म्हटलं तर तो बसून राहतो आणि शीळ घालायला लागतो. योद्धा चढत जातो, शीळ मागून ऐकू येत राहते, मग वाट वळते आणि ऐकू येत नाही. ऊठ म्हटलं तर तो उठतो. दर वेळी उठतो, कधी नाही म्हणत नाही. पण त्या खिंडीनंतर तो एक शब्दही बोलत नाही. शेवटच्या वेशीपर्यंत गाठोडं घेऊन मुक्यानं चालतो. या शेवटाला लोक 'मुका' म्हणतात.

यावर हजारो माणसं भांडत होती. त्यांतलीच थोडी एका फोनवरच्या गटात होती आणि दर रविवारी दुपारी आवाजी गप्पा मारायची. भाऊ त्या गटात 'तळमजला' या नावानं होता. फोनकडे बघून तो हसतो कशाला, हे कळावं म्हणून तीही शिरली आणि नाव घेतलं 'कवळी'. लपवण्यासारखं त्यात काही नव्हतं. त्यानं पहिल्याच दिवशी ओळखलं असणार. पण घरात दोघं त्याबद्दल एक अक्षर बोलले नाहीत, आणि गटात कुणाला माहीत नव्हतं की ही दोघं एकाच छपराखाली, मध्ये एक भिंत ठेवून बसलेली असतात. रविवारी त्याचा आवाज तिला दोनदा ऐकू यायचा. आधी भिंतीतून, मग कानातून.

"हमालाला विचारतं कोण," केकवाली म्हणायची. तिचं केकचं दुकान होतं आणि बोलताना मागे भांड्यांचा आवाज असायचा. "ऊठ म्हटलं की उठतो बिचारा. आमच्याकडे सकाळी नवऱ्याला उठवून बघा, मग कळेल हमाल किती गुणी आहे."

"ऊठ म्हणण्यात वाईट काय आहे?" शाळेत कवायत शिकवणारे मास्तर विचारायचे. "मी रोज मैदानभर पोरांना ऊठ म्हणतो. सगळी धडधाकट आहेत."

"सर, तुमची पोरं घंटा झाली की घरी जातात," भिंतीतून आणि मग कानातून. "हमालाची घंटा कोण वाजवणार?"

"तो थकलाय, मेला नाही," ती म्हणायची. "थकलेल्या माणसाचं ऐकून असले निर्णय घ्यायचे नसतात."

"मग कुणाचं ऐकून घ्यायचे, कवळीबाई? जो थकलेला नाही त्याचं?"

"तळमजल्या, तू नेहमी खाली का ओढतोस रे," केकवाली म्हणायची आणि सगळे हसायचे. तीही हसायची. भिंतीपलीकडचं हसू जरा उशिरानं थांबायचं.

मग एके दिवशी दवाखान्यातल्या सिस्टरनं तिला बाजूला घेतलं. भाऊ आत मशीनला जोडलेला होता. सिस्टर म्हणाली, "ताई, तुम्हाला सांगू की नको कळत नव्हतं. ते विचारत होते, यायचं बंद करायचं असेल तर परवानगी कुणाची लागते."

"मग?"

"मी काय सांगणार. त्यांची त्यांचीच."

"बंद केलं तर किती…"

"फार नाही," सिस्टर म्हणाली आणि तिच्या दंडावर हात ठेवला.

घरी येताना गाडीत त्याचं पांघरूण, स्वेटर, बिस्किटं असलेली पिशवी नेहमीप्रमाणे तिच्या मांडीवर होती. रविवार येईपर्यंत तिनं गटातली जुनी सगळी भांडणं पुन्हा वाचून काढली, आणि तिच्या लक्षात आलं की गेले कितीतरी रविवार तो तिच्याशीच बोलत होता. हमालाबद्दल तो कधी बोललाच नव्हता.

त्याला उत्तर द्यायचं तर तिथंच द्यायला हवं होतं. तोंडासमोर विचारलं असतं तर तो म्हणाला असता, काही नाही गं, सहज विचारलं. तिला तिसरा शेवट शोधायचा होता. हमाल वेशीपर्यंत पोचतो, आणि बोलत पोचतो. असा शेवट आहे अशी अफवा होती, पाहिलेला कुणी नव्हता. तिनं खेळ पहिल्यापासून सुरू केला. भाऊ दवाखान्यातून येऊन झोपायचा, त्या वेळात ती आवाज बंद करून खेळायची.

तिनं साधा विचार केला. हमाल थकतो तो ओझ्यानं. म्हणून तिनं त्याचं गाठोडं हलकं करायला सुरुवात केली. तलवारी योद्ध्याच्या कमरेला लावल्या, जड चिलखत टाकून दिलं, शिधा वाटेत वाटून टाकला, शेवटी पाण्याची पखालही काढून घेतली. योद्धा गोगलगायीसारखा चालायला लागला आणि प्रत्येक राक्षसाकडून मार खायला लागला, पण खिंड आली तेव्हा हमाल बसला नाही. तो चालत राहिला. त्यानं राजाच्या नाकावर एक विनोदही केला. तिनं प्लास्टरनं पांढऱ्या झालेल्या हातांनी तोंड झाकून घेतलं.

खिंडीपलीकडे मुक्काम केला. खेळातली सकाळ झाली. हमालाचं अंथरूण नीट गुंडाळून ठेवलेलं होतं आणि हमाल नव्हता.

रविवारी तिनं गटात विचारलं. केकवालीला हसू आवरेना.

"अगं बाई, गाठोडं रिकामं केलंस? मग तू त्याला सुट्टी दिलीस की. ओझं काढून घेतलं म्हणजे हमालाला नारळ दिला, खेळ असंच धरतो. नवीन लोकांची ही चूक ठरलेली. जीव लावायला जातात आणि घालवून बसतात."

"पण मी त्याला जा म्हटलं नव्हतं."

"राहा असंही म्हटलं नाहीस ना."

तळमजला म्हणाला, "अंथरूण गुंडाळून ठेवलं होतं का?"

"हो."

"मग चांगला माणूस होता."

त्या दुपारी गप्पा संपल्यावर ती आपल्याच घरात परक्यासारखी हिंडली. सुरुवातीला डॉक्टरांनी सांगितलं होतं, नसेच्या हातानं वजन उचलायचं नाही. तिनं ते दोन्ही हातांना लागू धरलं होतं. त्याची पाण्याची बाटली ती भरायची, मोजून. चादरीची घडी ती करायची. त्याच्या हत्यारांची पेटी तिनं त्याच्या एका जुन्या सोबत्याला देऊन टाकली होती, वापरात तरी राहील म्हणून. न्हाणीत स्टूल ठेवलं होतं, दाराची कडी काढून टाकली होती. दवाखान्याची पिशवीसुद्धा तिनं त्याला कधी धरू दिली नव्हती. घरात त्याच्या पाठीवर काहीच उरलेलं नव्हतं. आणि रोज सकाळी त्याचं अंथरूण नीट गुंडाळलेलं असायचं, एवढं एक काम त्यानं तिला करू दिलं नव्हतं.

पुढच्या रविवारी मास्तरांनी तोड सुचवली. "खेळाडू काय करतात सांगू का? त्याच्या गाठोड्यात नदीतले गोटे भरतात. उपयोग शून्य, वजन बेताचं. हमाल राहतो."

"त्याला कळत नाही?" केकवालीनं विचारलं.

"त्याला काय कळणार, तो खेळातला माणूस."

"कळतं," तळमजला म्हणाला. "मी करून पाहिलंय. खिंडीत तो गाठोडं सोडतो. एकेक गोटा काढून रस्त्याच्या कडेला रांगेत मांडतो. बोलत नाही काही."

पण तिच्या कानात आधीचा एकच शब्द राहिला होता. राहतो.

दुसऱ्या दिवशी तिनं लोखंडी जबडा उचलून मागच्या खोलीत नेला. "हा उघडताना अडकतोय. जरा बघतोस?"

त्यानं जबडा हातात घेतला, कानाशी नेला, उघडला, मिटला. "याला तेल कधी घातलं होतंस?"

"घालायचं असतं?"

"लिफ्ट असती तर आतली माणसं अजून आतच असती." त्यानं स्क्रूड्रायव्हर मागितला, पक्कड मागितली, खिळखिळी झालेली बिजागरी काढून उलटी करून बसवली. जबडा लोण्यासारखा फिरायला लागला. तो खरंच अडकत होता आणि खरंच दुरुस्त झाला. त्या दिवशी तो ओट्याशी येऊन बसला आणि म्हणाला, "दात कसे लावतेस ते दाखव."

त्याला जमत गेलं. मेण पातळ कधी करायचं, मधल्या रेषेपासून सुरुवात का करायची, चावा बघायला निळा कागद मध्ये धरून जबडा कसा आपटायचा आणि निळा डाग पडेल तिथं कसं घासायचं. त्याची पहिली बत्तीशी बघून ती म्हणाली, "हा माणूस हसला तर लोक पळतील."

"घोडा झालाय का?"

"घाबरलेला घोडा."

ती बत्तीशी एका निवृत्त बसड्रायव्हर आजोबांची होती. म्हणजे साचा त्यांचा होता. ती कवळी पाठवण्यासारखी नव्हतीच. आजोबांची हिरडी सोलवटून निघाली असती, आणि तिच्या नावावरचा डॉक्टरांचा भरवसा गेला असता. भाऊ मशीनवर असताना तिनं दवाखान्यातून घरी येऊन दुसरी बनवली आणि ती पाठवली. भावाची प्लास्टरच्या पोत्यामागे ठेवून दिली. मग संध्याकाळी त्यानं विचारलं, "आजोबा काय म्हणाले?"

ती म्हणाली, "डावीकडे टोचतंय म्हणाले."

इथून ते सुरू झालं. प्लास्टरच्या पोत्यामागून ती कवळी काढायची, परत आली म्हणून सांगायची, आणि तो घासायला बसायचा. फारच बिघडली की त्याच साच्यावर नवी करायला घ्यायचा. आजोबांच्या तक्रारी ती भाजी चिरता चिरता रचायची. त्यांना बोलताना शिट्टीसारखा आवाज येतो. त्यांना सफरचंद खाता आलं पण कणीस नाही. आजोबांना तिनं एक तिरसट बायको दिली, जी म्हणते तुम्ही दात नव्हते तेव्हा बरे दिसत होता. भाऊ हसून हसून बेजार झाला. "म्हातारीचा मुद्दा आहे," म्हणाला. खरे आजोबा केव्हाचे तिच्या दातांनी जेवत होते आणि त्यांना बायको होती की नाही, तिला माहीत नव्हतं.

थंडी सरली, उन्हं तापली. तो दवाखान्यात कुरकुर न करता जात होता. खिशात मेणाचा गोळा असायचा. मशीनवर पडल्या पडल्या मोकळ्या हाताच्या नखानं तो मेणात दाढ कोरायचा. सिस्टर म्हणाली, "आता परत तसं विचारत नाहीत हं." एका रविवारी तळमजला गटात म्हणाला, "आजोबा असतील तर उठावंही कधीकधी," आणि कुणालाच काही कळलं नाही. केकवाली म्हणाली, "याला ऊन लागलंय." ओट्याशी बसून तिनं ते ऐकलं, आणि आनंद झालाय की भीती वाटतेय हे तिचं तिलाच कळेना.

कारण त्याच्या नुकत्याच झालेल्या कवळीत काही खोट नव्हती. तो झोपल्यावर तिनं ती जबड्यात बसवून पाहिली. बारीक, कोरडा आवाज आला. निळा कागद धरला तर डाग सगळीकडे सारखे. ती कवळी कुणाच्याही तोंडात गेली असती. कवळी हातात घेऊन ती बराच वेळ बसली. मग तिनं कानस उचलली आणि डावीकडची एक दाढ कोपऱ्यात अगदी थोडी, बघून कळणार नाही एवढी, घासून टाकली. आयुष्यात तिनं पहिल्यांदा जुळलेला चावा मोडला होता.

दोन दिवसांनी ती कवळी परत आली असं सांगून तिनं ती त्याच्यापुढे ठेवली. स्वतः प्लास्टर कालवायला बसली. तो सुईनं दातांच्या फटी टोकरत होता. बराच वेळ टोकरत राहिला.

"ताई, आजोबा कवळी धूत नाहीत का?"

"म्हणजे?"

"फटीत पॉलिशची करडी पूड आहे. मी शेवटचा ब्रश मारला तेव्हाची." त्यानं सुईचं टोक उजेडात धरलं. "माणूस दोन दिवस ही घालून जेवला, चहा प्याला, बायकोशी भांडला. पूड कोरडीच्या कोरडी."

ती कालवत राहिली. कालवायचं थांबलं तर काहीतरी बोलावं लागलं असतं.

"यातली एक तरी कुणाच्या तोंडात गेली का?"

"नाही."

"एकही नाही?"

"तो जबडा दुरुस्त केलास," ती म्हणाली, "ते खरं होतं."

तो हसला. कडवट नाही, खरंच हसला. मग उठला आणि तिच्या मागे, प्लास्टरच्या पोत्यापाशी खाली बसला. तिथं काय असेल हे त्याला कुणी सांगावं लागलं नाही. त्यानं एकेक कवळी काढली आणि ओट्यावर मांडत गेला. घाबरलेला घोडा पहिला. त्यापुढची जरा कमी वाकडी. मग वरचे दात बरोबर आणि खालचे पुढे आलेली. मग बरी. मग चांगली. ओट्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत तोंडं नसलेली हसू रांगेत उभी राहिली.

"गोटे," तो म्हणाला.

"मग काय करायला हवं होतं मी? सांग ना. खऱ्या माणसाची हिरडी फाडू द्यायची होती?"

"नाही. ते बरोबर केलंस."

"मग?"

"मग काही नाही." त्यानं शेवटची कवळी उचलली, डाव्या दाढेवरून अंगठा फिरवला आणि थांबला. लिफ्टच्या दोरखंडाची एक तार तुटलेली असली तरी ज्याला बोटानं कळायचं, त्याला ते कळणारच होतं. "ही चांगली झाली होती ना?"

"हो."

"मग ही का नाही पाठवलीस?"

"पाठवली असती तर तू म्हणाला असतास, झालं."

तिच्या हातातल्या वाडग्यात प्लास्टर धरलं होतं. धरताना ते गरम होतं, तसं ते गरम झालं होतं, आणि कालथा आतच रुतून बसला होता. तिनं ओढून पाहिला, निघाला नाही.

त्यानंतरच्या रविवारी तिनं कानात काही घातलंच नाही. ओट्याशी नुसती बसून राहिली, फोन समोर चालू. गप्पा जुन्याच वळणानं निघाल्या. मास्तर म्हणाले की हमाल उठतो याचाच अर्थ त्याला उठायचं असतं, नाहीतर उठला नसता.

"नाही, सर," भाऊ म्हणाला. "तो पुढच्या गावासाठी उठत नाही. ऊठ म्हणणाऱ्याचं तोंड बघवत नाही म्हणून उठतो. आणि मग बोलत नाही, कारण बोलायला गेला तर हेच बोलेल."

"मग त्यानं एकदा नाही म्हणावं," ती म्हणाली. तिला वाटलं होतं तिनं फोनमध्ये म्हटलं. पण ती भिंतीकडे तोंड करून मोठ्यानं म्हणाली होती. "एकदा तरी तोंडावर नाही म्हण. शीळ काय घालतोस."

"म्हटलं तर ऐकशील?" भिंतीतून आलं.

केकवालीच्या मागची भांडी थांबली. मग ती हळूच म्हणाली, "अगं, तुम्हा दोघांचा आवाज एकमेकांच्या फोनमधून येतोय."

"हो," भाऊ म्हणाला. "ताई आहे ती माझी."

"आपण," मास्तर चाचरत म्हणाले, "आपण हमालाबद्दलच बोलत होतो ना?"



सोमवार दवाखान्याचा. तिनं पिशवी भरली. पांघरूण, स्वेटर, बिस्किटं. गाडी बोलावली. तो पुढच्या खोलीत ओट्याच्या स्टुलावर बसला होता. एका पायात बूट, दुसरा बूट हातात. पाय सुजले होते, पण बूट हातात होता तो त्यामुळे नाही. ओट्यावर कवळ्यांची रांग तशीच होती. ती आवरायची कुणी, हे दोघांनी एकमेकांवर सोडलं होतं.

"ताई," तो म्हणाला. "मला इथंच बसू दे."

खिडकीतून गाडीचा हॉर्न ऐकू आला. पुन्हा एकदा. तिला सगळं स्पष्ट दिसत होतं. बरं म्हटलं तर त्याचा चेहरा सुटेल. तो हसेल, बडबडेल, घाबरलेल्या घोड्याची गोष्ट पुन्हा सांगेल, आणि ती बडबड थोडे दिवस मागच्या खोलीतून येत राहील. मग वाट वळेल. तिला हेही दिसत होतं की त्यानं विचारलंय, खाली मान घालून विचारलंय, आणि हे विचारायला त्याला किती रविवार लागलेत. तिनं दारावर हात टेकला. बरं या शब्दासाठी तिनं ओठ मिटले, तो शब्द ओठ मिटूनच सुरू होतो, आणि ते उघडेनात.

"ऊठ," ती म्हणाली.

त्यानं वर पाहिलं नाही. हातातला बूट खाली ठेवला, पाय आत कोंबला, नाडी तशीच सोडली आणि उठला.

गाडीत ती सारखी बोलत राहिली. नवे डॉक्टर फार घाई करतात. प्लास्टर हल्ली लवकर धरतं. परवा एका बाईंनी पुढच्या दोन दातांत फट ठेवा म्हणून सांगितलं, पहिल्यापासून होती म्हणे, फटीशिवाय घरचे ओळखणार नाहीत. हे ऐकून तो हसला असता. एरवी हसला असता. तो बाहेर बघत होता. डाव्या हातातली नस शर्टाच्या बाहीखाली उडताना दिसत होती.

तिचा फोन थरथरला. तळमजला यांनी गट सोडला. त्याचा अंगठा अजून त्याच्या फोनवर होता. मग त्यानं फोन खिशात ठेवला. तिच्या फोनवर मास्तरांचं काहीतरी आलं, केकवालीचं काहीतरी आलं. तिनं उघडलं नाही.

"नाडी बांध," ती म्हणाली. "पडशील."

त्यानं वाकून नाडी बांधली.

"काहीतरी बोल."

तो सरळ बसला. सिग्नलला गाडी थांबली, पुन्हा निघाली. मग त्यानं हात पुढे केला, घुरघुरणाऱ्या नसेचा नाही, दुसरा, आणि तिच्या मांडीवरची पिशवी घेऊन आपल्या मांडीवर ठेवली. ती धरून तो दवाखाना येईपर्यंत बसून राहिला.